मैदानावरील गुरू

गेल्या वर्षी आश्विन महिन्यात, कापसाची पहिली वेचणी नुकतीच सुरू झाली असता, यवतमाळ जिल्ह्यातील एका लहानशा गावी माझा काही दिवस मुक्काम होता. त्या गावच्या शाळेतील मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला होता व जिल्ह्याच्या सामन्यांसाठी तो यवतमाळास जावयाचा होता. संघात एक चौदा वर्षांची मुलगी होती. तिचे पळणे मी दोन संध्याकाळी पाहिले होते. खांबाशी येऊन ऐन वेळी हुलकावणी देण्याची तिची हातोटी अशी की, पाठलाग करणारी मुलगी खांबाला मिठी मारून उभी राही आणि ही चार पावले पलीकडे हसत असे. परंतु ज्या दिवशी संघ निघाला, त्या दिवशी ही मुलगी आईबरोबर शेतात कापूस वेचीत होती. मी कारण विचारले तेव्हा तिची आई म्हणाली, "गुर्जी चांगलेच हायेत, भाऊ. मी त्याईले नाव नाही ठेवत. पन दोन राती तिकडं मुक्काम, अन् पोरीईजवळ बाईमानूस कोनी नाही. मंग कशी धाडू?"

ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. त्या शाळेचे क्रीडाशिक्षक सज्जन गृहस्थ होते. संघ त्यांनीच उभा केला होता. मैदानाची आखणी ते स्वतः चुन्याने करीत आणि सामन्याच्या प्रवासात मुलींच्या फराळाचा खर्च पुष्कळदा स्वतःच्या खिशातून भागवीत. त्या बाईने त्यांच्यावर कसलाही आरोप केला नव्हता. परंतु मुलगीही त्यांच्याबरोबर पाठविली नव्हती. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि मला वाटते, त्या दोन्ही योग्यही होत्या. मात्र ह्या सगळ्यात ज्या मुलीचे काही चुकले नव्हते, तिचाच खेळ थांबला.

हे नुकसान केवळ एका सामन्याचे नाही. शालेय स्पर्धांची वाट तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी पायरीपायरीने वर जाते. वणी किंवा उमरखेडसारख्या टोकाच्या तालुक्यातून यवतमाळास यावयाचे म्हणजे शंभर किलोमीटरांच्या घरातील प्रवास. पुढे विभागाचे सामने अकोल्यास, बुलढाण्यास किंवा अमरावतीस झाले तर मुक्काम ठरलेलाच. वरच्या पायरीपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूस शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, आणि पुढे सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. ज्या घरात कोरडवाहू पाच एकर जमिनीखेरीज दुसरे काही नाही, त्या घरातील मुलीला खो-खो हा केवळ विरंगुळा नसतो. ते घराबाहेर पडण्याचे एक दार असते. म्हणून लहान मुलामुलींना खेळ शिकविणारा गुरू पुरुष आहे की स्त्री, ह्या गोष्टीस काही महत्त्व आहे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तरावर कोणाचे तरी दार उघडे राहते किंवा बंद होते.

ह्या प्रश्नावर सुशिक्षितांत दोन मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, विद्येस लिंग नाही. ज्याला खेळ येतो आणि शिकविता येतो तो गुरू, मग तो कोणीही असो. दुसरा पक्ष म्हणतो, मुलींना शिकवावयास स्त्रीच पाहिजे. मला दोन्ही पक्ष अर्धे खरे वाटतात, आणि ह्याचे कारण असे की, 'गुरू' ह्या एका शब्दाखाली आपण तीन निरनिराळी कामे एकत्र बांधून टाकली आहेत. गुरू शिकवितो, गुरू सांभाळतो, आणि ज्याच्याकडे पाहून मूल आपल्या पुढील आयुष्याचे चित्र मनाशी रेखाटते, असाही तो एक मनुष्य असतो. ही तीन कामे वेगळी करून पाहिल्यावाचून वादाचा निकाल लागणे शक्य नाही.

पहिले काम विद्येचे. येथे पहिल्या पक्षाचे म्हणणे निरपवाद मान्य करावे लागते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या स्त्रियांनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते. पी. टी. उषा हिला घडविणारे ओ. एम. नंबियार हेही पुरुषच; १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार प्रथम देण्यात आला, त्या पहिल्या मानकऱ्यांत ते होते. उलट बाजूची उदाहरणे थोडी असली तरी ती कमी बोलकी नाहीत. भारताकडून कसोटी सामने खेळलेला यष्टिरक्षक दीप दासगुप्ता दिल्लीच्या सुनीता शर्मा ह्यांच्या हाताखाली तयार झाला. २००५ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळविणाऱ्या ह्या बाई क्रिकेटच्या शिक्षिका होत्या. ब्रिटनच्या बाजूने पाहिले तर अँडी मरे ह्या नामांकित टेनिसपटूने २०१४ ते २०१६ ह्या काळात आमेली मोरेस्मो ह्या फ्रेंच बाईंस आपले मार्गदर्शक नेमले होते. आणि त्याला बालपणी रॅकेट धरावयास शिकविले ते त्याच्या आईने.

परंतु ह्या सर्वांत मला अधिक जवळचे वाटते ते नाशिकच्या शैलजा जैन ह्यांचे उदाहरण. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत इराणच्या मुलींनी कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारताचा २७-२४ असा पराभव केला. कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ, आणि त्यात आपल्याला हरविणाऱ्या संघाची गुरू एक मराठी बाई! परक्या देशातील मुलींशी बोलता यावे म्हणून त्यांनी फारसी शिकून घेतली आणि त्या मुलींना योगासने व प्राणायाम शिकविला. दमाच्या खेळात श्वासावर ताबा किती मोलाचा, हे कबड्डी खेळलेल्या कोणासही सांगावयास नको. त्या दिवशी ज्यांना हार झोंबली त्यांनीही बाईंच्या विद्येविषयी शंका काढली नाही. पकड कशी करावी, चढाईतून माघारी कसे यावे, ह्या विद्येला मिशा नाहीत आणि कुंकूही नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मुलीच्या देहाचे धर्म पुरुषास काय कळणार? रिओच्या २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये फू युआनहुई ह्या चिनी जलतरणपटूने शर्यतीनंतर आपल्याला पाळी आली असल्याचे उघडपणे सांगितले, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. इतकी साधी गोष्ट बोलली जाण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. मात्र पाळीच्या दिवसांत सराव किती व कसा घ्यावा, रक्तक्षयाची लक्षणे कोणती, आदिवासी मुलामुलींपैकी कोणास सिकलसेलचा विकार असल्यास अतिश्रमाने काय धोका संभवतो, ह्या गोष्टी शिकून कळण्याजोग्या आहेत. त्या पुरुषासही कळतात आणि न शिकलेल्या स्त्रीसही आपोआप कळत नाहीत. प्रश्न गुरूला कळण्याचा नाही. मुलगी त्याला सांगेल काय, हा आहे. आणि हा प्रश्न विद्येचा नसून विश्वासाचा आहे.

म्हणून आता दुसरे काम, सांभाळण्याचे. खेळाची विद्या ही पुस्तकाच्या विद्येहून ह्या बाबतीत वेगळी आहे की, ती पुष्कळदा स्पर्शाने द्यावी लागते. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाच्या कमरेस आधार द्यावा लागतो. घोट्याची पकड शिकविताना घोटा धरूनच दाखवावा लागतो. मुरगळलेला पाय चोळावा लागतो. शिवाय सराव पहाटे किंवा दिवेलागणीस असतो, प्रवास लांबचा असतो, मुक्काम परगावी असतो. आणि संघात कोणास घ्यावयाचे व कोणास वगळावयाचे, हे त्याच मनुष्याच्या हाती असते. इतकी सत्ता आणि इतका एकांत एकाच्याच स्वाधीन करणे धोक्याचे आहे, हे त्या कापूस वेचणाऱ्या बाईस कोणी शिकविले नव्हते. तरी ते तिला पक्के ठाऊक होते.

तिची भीती अडाणीपणाची म्हणून हिणविण्याचा अधिकार आपल्यास नाही. जून २०२२ मध्ये स्लोव्हेनियात सरावासाठी गेलेल्या एका भारतीय सायकलपटू तरुणीने आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली; त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने असा दंडक घातला की, ज्या पथकात स्त्री-खेळाडू असतील त्याबरोबर स्त्री-प्रशिक्षक असलीच पाहिजे. पुढे २०२३ साली देशाच्या नामवंत स्त्री-मल्लांनी दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले, ते सर्वांनी पाहिले. ज्या गोष्टीसाठी दिल्लीच्या कचेरीस दंडक काढावा लागला, तीच गोष्ट आमच्या गावची बाई आपल्या भाषेत सांगत होती.

तथापि येथेच थांबलो तर आपण एका भ्रमात राहू. गुरू आणि शिष्य एकाच जातीचे, म्हणजे पुरुषाजवळ मुलगे आणि स्त्रीजवळ मुली, असे ठेवले की धोका टळला, असे पुष्कळांस वाटते. इंग्लंडमध्ये बॅरी बेनेल नावाचा फुटबॉलचा प्रशिक्षक लहान मुलग्यांना शिकवीत असे. त्याने कित्येक मुलग्यांवर अत्याचार केल्याचे सिद्ध होऊन २०१८ साली त्यास दीर्घ मुदतीच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. ती मुले मोठी होऊन बोलू लागेपर्यंत दशके लोटली होती. कारण मुलग्याच्या बाबतीत असे काही घडू शकते, ही शंकाच कोणाच्या मनास शिवली नाही. आपल्याकडील २०१२ चा बालकांच्या संरक्षणाचा कायदा, ज्यास लोक 'पॉक्सो' म्हणून ओळखतात, मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. आणि अशा अपराधाची माहिती असून ती न कळविणे हाही त्यात गुन्हाच ठरविला आहे. हा कायदा करणाऱ्यांस जे उमगले ते आपणां पालकांस अजून पुरते उमगलेले नाही. आपण मुलीविषयी भितो आणि मुलग्याविषयी निर्धास्त राहतो. ह्यातील भीती रास्त असली तरी निर्धास्तपणा रास्त नाही.

तेव्हा सांभाळण्याच्या कामास खरा आधार हवा तो नियमांचा. परगावी जाताना एकाऐवजी दोन वडीलधारी माणसे बरोबर असावीत, आणि मुली असतील तर त्यांतील एक स्त्री असावी. बंद खोलीत एकट्या मुलास कोणी बोलावू नये. सराव पाहावयास आईबापांस मोकळीक असावी. तक्रार ऐकणारा मनुष्य संघ निवडणारा नसावा. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा व पुसद येथील प्रकल्प कार्यालयांकडील आश्रमशाळांत मुलांसाठी अधीक्षक आणि मुलींसाठी अधीक्षिका अशी व्यवस्था पूर्वीपासून मानलेली आहे. निवासात जे आवश्यक मानले, ते प्रवासात अनावश्यक कसे ठरते? हे नियम पाळले म्हणजे चांगल्या पुरुष-शिक्षकाचा अपमान होत नाही. उलट त्याचे रक्षण होते. आमच्या गावच्या त्या सज्जन शिक्षकांसही हीच व्यवस्था हवी होती. त्यांच्या चारित्र्यावर मुलीच्या खेळाचा भार पडावा, हा त्यांच्यावरही अन्यायच होता.

येथपर्यंत बहुतेक वाचक माझ्याशी सहमत होतील. आता जे लिहिणार आहे ते लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. कारण त्यात माझा स्वतःचा वाटा आहे.

जिल्ह्याच्याच एका मोठ्या गावी, एका शाळेत, काही वर्षांपूर्वी एक तरुण क्रीडाशिक्षिका नेमली गेली. ती राज्याच्या स्पर्धेत खो-खो खेळलेली आणि शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली होती. तिच्याकडे मुलींचा संघ देण्यात आला, आणि मुलग्यांचा संघ ज्यांनी जन्मात कधी मैदानावर पाऊल टाकले नव्हते अशा एका गणिताच्या शिक्षकांकडे गेला. पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी दोन्ही संघ तिच्याकडे देण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा पालकांच्या बैठकीत एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "मुलींचे ठीक आहे. पण मुलग्यांना धाक पाहिजे. बाईंच्या हाताखाली मुलगे मऊ पडतील." बैठकीत दोनचार जण हसले. माझा नातू त्या शाळेत होता आणि मी त्या बैठकीत होतो. मला ते बोलणे पटले नव्हते. पण मी काही बोललो नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही की, माझ्या मौनाचे कारण केवळ भिडस्तपणा नव्हते. क्षणभर मलाही तसेच वाटून गेले होते. तो विचार बारगळला.

त्या दिवसापासून मला असे वाटू लागले की, 'मुलींसाठी स्त्री-शिक्षिका' ह्या मागणीचा आपण जो पुरस्कार करतो, त्यात सद्भावनेबरोबर एक खोटही मिसळलेली आहे. स्त्री आपल्याला मैदानावर हवी आहे, पण ती पहाऱ्यासाठी. गुरू म्हणून नव्हे. मुलींच्या संघाबरोबर पुष्कळदा जी बाई पाठविली जाते ती मराठीची वा भूगोलाची शिक्षिका असते. ती बिचारी दोन दिवस उन्हात बसून चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळते. डावपेच सांगतात ते सर. मुलींनी त्यातून काय शिकावे? हेच की, खेळातील ज्ञान पुरुषाजवळ असते आणि स्त्रीजवळ असते ती राखण. येथे गुरूचे तिसरे काम पुढे येते, आणि ह्या कामात स्त्रीपुरुषभेदास निश्चित महत्त्व आहे. ज्या मुलीने मैदानावर जाणती स्त्री कधी पाहिलीच नाही, तिला आपला खेळ लग्नापर्यंतचा वाटतो. ज्या मुलग्याने स्त्रीच्या शिट्टीवर कधी पाऊल उचलले नाही, स्त्रीकडून आपली चूक ऐकून ती सुधारली नाही, त्याला पुढे कचेरीत स्त्री-अधिकारी भेटली म्हणजे मान तुकविताना जे कष्ट होतात, त्यांचे मूळ मैदानातच असते.

आपल्या वऱ्हाडात व्यायामाची परंपरा थोर आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी त्या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशीयांस दाखविली. आखाड्याने आपल्याला 'वस्ताद' हा भारदस्त शब्द दिला. पण त्याचे स्त्रीलिंगी रूप मात्र भाषेत रुळले नाही. वर्गात ही अडचण केव्हाच दूर झाली. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले शिकवावयास निघत तेव्हा लोकांनी त्यांच्यावर शेण फेकले. आज पहिलीतल्या मुलग्याला बाई पाढे शिकवितात ह्यात कोणास काही वावगे दिसत नाही. मात्र खेळाच्या तासाची घंटा वाजली की, वर्गातील बाई मागे राहतात आणि मैदानावर सर येतात.

ह्या बाबतीत डॉक्टरी धंद्याचा इतिहास उद्बोधक आहे. १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाई जोशी ह्यांनी आपण वैद्यक शिकावयास अमेरिकेस का जातो ह्याचे कारण सांगितले. ते हेच की, हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष-डॉक्टरांपुढे संकोचतात, म्हणून स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. म्हणजे दार उघडले ते संकोचाने. परंतु स्त्री-डॉक्टर स्त्रियांपुरतीच राहिली नाही. आज आपल्या छातीत कळ आली तर समोरचा डॉक्टर पुरुष आहे की स्त्री, हे आपण पाहत नाही. गरजेने दार उघडावे, गुणाने आत जावे आणि मग दाराची आठवणही राहू नये, हा खरा क्रम होय.

हा क्रम आपोआप पुरा होतो असे मात्र नव्हे. अमेरिकेत १९७२ साली शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषांस समान वागणूक देण्याचा कायदा झाला. त्यामुळे महाविद्यालयांत खेळणाऱ्या मुलींची संख्या कितीतरी पटींनी वाढली. पण त्यापूर्वी मुलींच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पुढे ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. मुलींच्या खेळास पैसा आणि प्रतिष्ठा प्राप्त होताच तेथील गुरुपद पुरुषांकडे गेले, आणि मुलग्यांच्या संघाचे दार स्त्रियांस बंदच राहिले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळाडूंत स्त्रिया जवळजवळ निम्म्या, तर प्रशिक्षकांत केवळ १३ टक्के होत्या. मुलींच्या मैदानावर पुरुष येऊ शकतो आणि मुलग्यांच्या मैदानावर स्त्री येऊ शकत नाही, असा जेथे एकतर्फी रस्ता असतो, तेथे दुसरे काही होणे नाही.

ह्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो मी हलका मानीत नाही. वाढत्या वयाच्या मुलग्याला पुरुषाचा आदर्श नको काय? हवा, निःसंशय हवा. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कितीतरी घरांतील कर्ता पुरुष नेला, तेथे मैदानावरील एखादे प्रेमळ सर पोरक्या मुलग्यास बापाच्या ठिकाणी असतात, हे मी पाहिले आहे. म्हणून गुरूच्या स्त्रीत्वास वा पुरुषत्वास काहीच अर्थ नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु मुलग्यास चांगला पुरुष भेटावा ही इच्छा वेगळी, आणि त्यास स्त्री-गुरू भेटू नये हा हट्ट वेगळा. मुलांच्या दहाबारा वर्षांच्या शालेय आयुष्यात दोघांनाही जागा आहे. आणि ज्या संघास दोघेही लाभतात त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्नही अर्ध्याहून अधिक सुटतो.

सारांश, विद्येच्या बाबतीत गुरू स्त्री की पुरुष हे पाहण्याचे कारण नाही. रक्षणाच्या बाबतीत ते पाहावे लागते, पण त्याहून अधिक नियम पाहावे लागतात. आदर्शाच्या बाबतीत मात्र ते अवश्य पाहावे, आणि मुलींपुरते न पाहता मुलग्यांसाठीही पाहावे. स्त्री-शिक्षिकेस आपण मनापासून गुरू मानले आहे की नाही, ह्याची कसोटी मुलींच्या संघावर होत नाही. ती आपला मुलगा तिच्या हाती देताना होते. त्या कसोटीस मी एकदा उतरलो नाही, हे वर लिहिलेच आहे.

त्या कापूस वेचणाऱ्या बाईने विचारले होते, पोरींजवळ कोण आहे? त्याचे उत्तर शाळांनी, सरकारने आणि आपण सर्वांनी तिला दिले पाहिजे, आणि ते पुढचे सामने येण्यापूर्वी दिले पाहिजे; कारण चौदाव्या वर्षीचे पळणे विसाव्या वर्षापर्यंत वाट पाहत थांबत नाही. परंतु आपणां शिकलेल्यांस आणखी एक प्रश्न स्वतःच स्वतःला विचारावयाचा आहे, कारण तो दुसरे कोणी विचारणार नाही. आपल्या पोरांजवळ कोण आहे, आणि तेथे एखादी जाणती बाई का नाही?